अमेरिकेत पक्ष दुबळे आहेत म्हणून दबावगट बळकट आहेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2026 मधल्या अमेरिकन मध्यावधी, म्हणजे अध्यक्षांच्या मुदतीच्या मधोमध येणाऱ्या, निवडणुकांच्या निमित्ताने आपल्या पेपरात जे लेख येतायत ते मी सगळे वाचते, आणि वाचून झालं की दर वेळी एकच गोष्ट खटकते म्हणून हे पत्र. रिपब्लिकन काय म्हणाले, डेमोक्रॅट काय म्हणाले, कोण किती जागा घेणार, हे सगळं लेखात असतं. दबावगटांचा विषय आलाच तर शेवटी शेवटी एक वाक्य, की तिथे लॉबीचं राज्य आहे, सगळा पैशाचा खेळ आहे, आणि लेख संपला. वाचणाऱ्याला वाटतं की सरकार पक्ष चालवतात आणि दबावगट बाहेरून येऊन त्यांना नासवतात. मला म्हणायचंय ते असं की हे दोन वेगळे विषय नाहीतच. अमेरिकेतले पक्ष संघटना म्हणून फार दुबळे आहेत आणि त्या दुबळेपणातूनच दबावगटांना एवढी जागा मिळालीय, हे धरून चाललं नाही तर तिथली अर्धी बातमी कळतच नाही.

पक्ष दुबळे म्हटलं की लोकांना पटत नाही, कारण दोन्हीकडचे समर्थक एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत हे तर रोज दिसतं. ते खरंच आहे, पक्षाबद्दलची निष्ठा आणि समोरच्याबद्दलची चीड दोन्ही टोकाला गेलीय. पण निष्ठा ही मतदाराच्या मनातली गोष्ट झाली, पक्षाच्या हातात काय उरलंय ते बघा ना. पक्षाचा माणूस व्हायला वर्गणी नाही, कुणाची शिफारस नाही, बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीच्या फॉर्मवर एक खूण केली की झालं, आणि काही राज्यांत तेवढीही गरज नाही, प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, दिवशी जायचं आणि हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागायची. आणि ही प्रायमरीच तिकीट ठरवते. पूर्वी पुढारी बंद खोलीत बसून उमेदवार ठरवायचे, ते मोडायचं म्हणून विस्कॉन्सिनने 1903 मधे थेट प्रायमरीचा कायदा केला, हेतू चांगलाच होता, आणि मग एकेक करत बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली. अध्यक्षपदाच्या बाबतीत हे पूर्ण व्हायला 1968 उजाडावं लागलं. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटांचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात आत आणि बाहेर रस्त्यावर जो राडा झाला तो जगाने बघितला, आणि त्यानंतर पक्षाने नियमच बदलले.

परिणाम काय झाला ते 2014 च्या एकाच निकालात दिसतं. एरिक कँटर हे प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकनांचे दोन नंबरचे नेते, पुढचे स्पीकर म्हणून त्यांच्याकडे बघत होते लोक, आणि व्हर्जिनियातल्या स्वतःच्या मतदारसंघात डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून प्रायमरीत हरले. कँटरचा खर्च 50 लाख डॉलरच्या वर आणि ब्रॅटचा साधारण 2 लाख. पक्ष काहीही करू शकला नाही. रिपब्लिकनांचेच नेते केविन मॅकार्थी यांचं उदाहरण तर अगदी ताजं आहे, जानेवारी 2023 मधे त्यांना स्पीकर व्हायला 15 वेळा मतदान घ्यावं लागलं, आणि ऑक्टोबरमधे त्यांच्याच पक्षाच्या 8 जणांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन त्यांना 216 विरुद्ध 210 ने खाली खेचलं. त्या 8 जणांचं पद गेलं नाही, जायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही.

आता अशा उमेदवाराचा विचार करा. तिकीट पक्षाने दिलेलं नाही, स्वतः मिळवलेलंय, दर दोन वर्षांनी पुन्हा मिळवायचंय, आणि प्रचाराचा बराचसा पैसा स्वतःच उभा करायचाय. तो पैसा येणार कुठून? 2013 च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणूक समितीने नव्या खासदारांना दाखवलेलं एक नमुना वेळापत्रक बातम्यांत फुटलं होतं. वॉशिंग्टनमधल्या दिवसात देणगीदारांना फोन करायला 4 तास, समितीच्या बैठका आणि सभागृह मिळून 2 तास, मतदारसंघातल्या लोकांना भेटायला 1 ते 2 तास. आणि हे फोन सरकारी कार्यालयातून करता येत नाहीत, कायद्याने बंदी आहे, म्हणून खासदार उठतात आणि जवळच्या पक्ष कार्यालयात जाऊन, तिथे फोन घेऊन बसतात. हे मी प्रत्येक वेळी वाचलं की अस्वस्थ होते. लोकांनी कायदे करायला पाठवलेला माणूस दिवसातला सगळ्यात मोठा भाग अनोळखी श्रीमंतांना फोन करण्यात घालवतोय आणि हे त्याला त्याच्या पक्षानेच सांगितलंय.

इथे दबावगट आत येतो. त्यासाठी लाच द्यावी लागत नाही हे आपल्या वाचकांना नीट सांगायला हवं. कायदा म्हणतो की एक पॅक, म्हणजे गटाची राजकीय निधी समिती, एका उमेदवाराला एका निवडणुकीत 5,000 डॉलरच देऊ शकते, तेवढ्यात कोण विकला जाणार. खरी गोष्ट पुढे आहे. 1976 मधे सुप्रीम कोर्टाने बकली खटल्यात सांगितलं की देणगीवर मर्यादा घालता येईल पण खर्चावर नाही, कारण प्रचारावर खर्च करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच धाग्यावर 2010 मधे सिटिझन्स युनायटेडचा निकाल 5 विरुद्ध 4 ने आला, कंपन्या आणि युनियन यांनाही स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायला मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी खालच्या कोर्टाच्या आणखी एका निकालाने सुपर पॅक जन्माला आले. सुपर पॅकने उमेदवाराच्या हातात पैसा द्यायचा नाही, त्याच्याशी संगनमत करायचं नाही, बाकी कितीही गोळा करा आणि कितीही उडवा. नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या निवडणूक आयोगात कायद्याप्रमाणे 6 सदस्य, एका पक्षाचे जास्तीत जास्त 3, आणि काहीही ठरवायला 4 मतं लागतात, म्हणजे तीन तीन झाले की गाडी तिथेच अडकते.

सुपर पॅक काय करू शकतो ते 2024 मधे क्रिप्टोवाल्यांनी दाखवलं. फेअरशेक नावाचा त्यांचा सुपर पॅक. ओहायोचे सिनेटर शेरॉड ब्राऊन बँकिंग समितीचे अध्यक्ष होते आणि क्रिप्टोवर कडक नियम हवेत असं त्यांचं म्हणणं होतं, तर त्यांच्या विरोधातल्या बर्नी मोरेनोंसाठी या गटाने 4 कोटी डॉलरच्या आसपास ओतले. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या सिनेट प्रायमरीत केटी पोर्टर यांच्याविरुद्ध 1 कोटीच्या आसपास. दोघेही हरले. ब्राऊन फक्त क्रिप्टोमुळे हरले असं मी म्हणणार नाही, ओहायोत ट्रम्प मोठ्या फरकाने जिंकले त्याचाही तडाखा होता. पण जाहिराती बघा, त्यात क्रिप्टोचं नावच नव्हतं! मतदाराला त्या विषयात रस नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, निरोप मतदारासाठी नव्हताच, तो बाकीच्या खासदारांसाठी होता. आणि हा गट दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना मदत करत होता. जुलै 2025 मधे स्टेबलकॉइनचा, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या क्रिप्टोचा, जीनियस कायदा झाला, त्याआधी जूनमधे सिनेटमधे मतं पडली 68 विरुद्ध 30, डेमोक्रॅटांचीही बरीच मतं त्यात होती. आता ही बातमी नुसती रिपब्लिकन विरुद्ध डेमोक्रॅट अशी छापली तर वाचकाला त्यातलं काय कळणार?

प्रायमरीतही तेच, किंबहुना जास्तच, कारण प्रतिनिधीगृहाच्या 435 पैकी बहुतेक जागा कुठल्या पक्षाकडे जाणार हे आधीच ठरल्यासारखं असतं, मतदारसंघांच्या सीमा तशाच आखलेल्या असतात, त्यामुळे खरी लढत प्रायमरीतच होते आणि तिथे मतदान कमी होतं. थोड्या मतांवर निकाल फिरतो तिथे बाहेरचा पैसा आणि संघटित गट दोघांचाही जोर चालतो. न्यूयॉर्कचे जमाल बोमन 2024 च्या जूनमधे डेमोक्रॅटिक प्रायमरीत पडले तेव्हा एआयपॅक या इस्रायल समर्थक गटाच्या सुपर पॅकने एकट्या त्या लढतीत दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला होता. पक्षांतर्गत भांडणात पक्षापेक्षा बाहेरचा गट जास्त खर्च करतो, याहून स्पष्ट काय दाखवायचं.

निवडणुकीचं झालं, पण दबावगटाचं रोजचं काम निवडणुकीत नसतंच, ते समितीच्या खोलीत असतं. खासदाराकडे स्टाफ थोडा, बहुतेक तरुण पोरं, पगार बेताचा, आणि विषय एकाच आठवड्यात बँकिंगपासून मासेमारीपर्यंत. त्यात 1995 मधे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तंत्रज्ञानावर सल्ला देणारं स्वतःचं कार्यालयच बंद केलं. मग माहिती घेऊन कोण येतं, तर लॉबिस्ट, आकडे घेऊन येतो, दुसरी बाजू काय म्हणेल तेही सांगतो, आणि मसुदाही लिहून आणतो. 2013 मधे न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की बँकांवरचा एक निर्बंध सैल करणाऱ्या विधेयकाच्या 85 ओळींपैकी 70 हून जास्त ओळींत सिटीग्रुप या बड्या बँकेच्याच सूचना उतरल्या होत्या, आणि 2014 च्या डिसेंबरात ती तरतूद सरकारी खर्चाच्या मोठ्या विधेयकात घुसवून मंजूरही झाली.

मात्र पक्ष आणि दबावगट एकमेकांत कसे गुंततात हे बघायचं तर मेडिकेअरच्या औषधांची गोष्ट बघावी, मला स्वतःला सगळ्यात जास्त तीच शिकवून गेली. मेडिकेअर म्हणजे 65 वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा. 2003 मधे बुश सरकारने त्यात औषधांचा समावेश करणारं विधेयक आणलं, आणि त्यात एक कलम होतं की औषधांच्या किमतीबाबत सरकारने कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. एवढा मोठा गिऱ्हाईक आणि त्याने भाव करायचा नाही! 22 नोव्हेंबरच्या पहाटे 3 च्या सुमाराला मतदान सुरू झालं, असं मतदान साधारण 15 मिनिटांत आटपतं, हे जवळजवळ 3 तास उघडं ठेवलं, विधेयक हरतंय असं दिसत होतं म्हणून. नेते आपल्याच खासदारांना गाठून समजावत होते, दबाव आणत होते, खुद्द अध्यक्ष फोन करत होते, आणि उजाडायच्या सुमाराला 220 विरुद्ध 215 ने मंजूर झालं. मिशिगनच्या एका खासदाराला, मत दिलंस तर निवडणुकीत तुझ्या मुलाला पाठिंबा देतो असं सांगितल्याबद्दल टॉम डिले या बड्या नेत्याला पुढे एथिक्स समितीने समज दिली. ज्येष्ठ नागरिकांची एवढी बलाढ्य संघटना एएआरपी, तिनेही या विधेयकाला पाठिंबा दिला आणि हजारो सभासद चिडून सोडून गेले. विधेयकाला आकार देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे बिली टॉझिन, ते 2005 च्या जानेवारीत औषध कंपन्यांच्या संघटनेचे, म्हणजे फार्माचे, प्रमुख झाले. हे टॉझिन 1995 पर्यंत डेमोक्रॅट होते, मग रिपब्लिकन झाले. आणि 2009 मधे ओबामांचा आरोग्य कायदा यायचा होता तेव्हा याच टॉझिन यांनी व्हाइट हाऊसबरोबर बसून सौदा केला, की उद्योग 10 वर्षांत 80 अब्ज डॉलरची बचत करून देईल आणि किमतीच्या घासाघिशीचा विषय काढायचा नाही. सरकार बदललं, पक्ष बदलला, कलम जागेवर.

ते हललं 2022 मधे. त्याआधी 2021 च्या सप्टेंबरात समितीत मतदान झालं तेव्हा तीन डेमोक्रॅटांनीच विरोधात मत दिलं आणि 29 विरुद्ध 29 होऊन प्रस्ताव तिथे पडला. मग तडजोड झाली, सगळ्या औषधांऐवजी थोड्या औषधांवर, हळूहळू, अशी, आणि ऑगस्ट 2022 मधे सिनेटमधे 50-50 झाल्यावर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने विधेयक तरलं. एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही. पहिल्या 10 औषधांचे ठरवलेले भाव 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. 2003 ते 2026! मधे दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. शेवटी फरक पाडला तो पक्षाने, सगळ्यांना एकत्र धरून ठेवलं तेव्हाच हे झालं, आणि म्हणूनच मला पक्ष बळकट हवेत असं वाटतं, पक्ष बळकट म्हणजे हुकूमशाही असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या लेखांत कधीच येत नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे, 1791 पासून, आणि त्याच दारातून औषध कंपन्या येतात तशीच मागे कुणी नसलेली साधी माणसंही येतात. 12 मार्च 1990 ला अपंग हक्कांसाठी लढणाऱ्या लोकांनी कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, पायऱ्यांपाशी व्हीलचेअर आणि कुबड्या सोडल्या आणि हाताच्या बळावर, सरपटत पायऱ्या चढले, त्यात एक आठ वर्षांची मुलगी होती. विधेयक तेव्हा प्रतिनिधीगृहात अडकलेलं होतं. 26 जुलैला थोरल्या बुश यांनी अपंगांसाठीच्या कायद्यावर सही केली आणि दोन्ही पक्षांचं मोठं बहुमत त्याच्या मागे होतं. 1980 मधे कॅलिफोर्नियातल्या एका आईने, तिची 13 वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने उडवली म्हणून, मॅड ही संघटना काढली आणि चार वर्षांत दारू विकत घेण्याचं वय देशभर 21 करायला भाग पाडणारा कायदा झाला, राज्यांनी ऐकलं नाही तर हायवेचा निधी कापायचा अशी मेख मारून. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तर काँग्रेसमधे दक्षिणेतले खासदार काही होऊ देत नाहीत म्हटल्यावर कोर्टाची वाट धरली, आणि 1954 चा शाळांमधली वर्णभेदी फाळणी मोडणारा निकाल मिळवला. हे सगळे दबावगटच. लॉबी म्हणजे भ्रष्टाचार असं एका वाक्यात लिहून टाकलं की या लोकांवर अन्याय होतो.

अमेरिकन राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक जेम्स मॅडिसन यांनी 1787 मधे लिहून ठेवलंय की गट पडणारच, स्वातंत्र्य आहे तोवर गट आहेत, पण देश मोठा असला की इतके गट असतील की एकमेकांना आवरतील. त्यांचं हे गणित मला अर्धंच बरोबर वाटतं. समोर दुसरा गट उभा असेल तर आवर बसतो, पण बहुतेक समित्यांच्या खोलीत समोर कुणी नसतंच. साखरेचं घ्या, आयातीवर कोटा आणि भावाला आधार यामुळे अमेरिकेत साखर जगाच्या बाजारापेक्षा महाग राहते, फायदा थोड्या ऊस आणि बीट उत्पादकांचा, तोटा 34 कोटी लोकांत वाटला गेलेला, एकेकाचा इतका किरकोळ की त्यासाठी कोण मोर्चा काढणार. आणि जिथे लोकांना थेट बोलायची सोय आहे तिथेही काय होतं ते 2017 मधे दिसलं, नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवावं या नियमावर, दळणवळण आयोगाने हरकती मागवल्या तेव्हा 2 कोटी 20 लाखांवर आल्या, आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे त्यातल्या 1 कोटी 80 लाखांच्या आसपास खोट्या होत्या, त्यातल्या 85 लाख ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशातून चाललेल्या मोहिमेतून आलेल्या, लोकांची नावं त्यांना न विचारता वापरून. ज्या माणसाने खरोखर रात्री बसून चार ओळी लिहिल्या असतील त्याची हरकत त्या ढिगात कुठे गेली असेल याचं मला फार वाईट वाटतं.

तर माझी विनंती अशी आहे. अमेरिकेतलं एखादं विधेयक बातमीत आलं की ते कुठल्या समितीत आहे आणि त्यावर कुणी कुणी लॉबिंगची नोंद केलीय हे दोन ओळीत द्या. 1995 च्या कायद्याने ही नोंद करावी लागते, आता दर तीन महिन्यांनी, आणि ती इंटरनेटवर फुकट बघता येते. देणग्यांचंही तसंच, 200 डॉलरच्या वरची प्रत्येक देणगी निवडणूक आयोगाच्या साइटवर नावानिशी सापडते. सगळं नाही सापडत, ज्या संघटना ना-नफा म्हणून नोंदवलेल्या असतात त्यांना देणगीदारांची नावं सांगावी लागत नाहीत आणि बराच पैसा तिथून फिरून येतो, पण तेही तसंच लिहा की इथे नाव कळत नाही. आणि प्रायमरीच्या बातम्या वगळू नका, नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर बहुतेक जागांचा निकाल तोवर लागून गेलेला असतो.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त मेडिकेअरचा आणि पायऱ्या चढलेल्या लोकांचा भाग दोन्ही ठेवा, एकच ठेवलात तर माझं म्हणणं उलटं पोचेल.

आपली,
एक नियमित वाचक